उड्या मारायचं वय : दहा ते पंधरा वर्षांच्या मुलींच्या हाडांसाठी काय, किती आणि कसं करावं

हाडांचं दुखणं म्हटलं की आपल्याला आजी आठवते. न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेऊन ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी चाललीच नाही. गोव्यातल्या बऱ्याच घरांत अशी एखादी गोष्ट सापडते. पण तो खुबा किती मजबूत होणार, यातलं बरंचसं ती सहावी-सातवीच्या वयाची असतानाच ठरून गेलेलं असतं.

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात पीटी शिकवते. हा लेख आईवडिलांसाठी आहे, आणि शाळेत हा विषय हाताळणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीही. कारण नेमक्या ज्या वर्षांत मुलीच्या हाडांना उड्यांची सर्वात जास्त गरज असते, त्याच वर्षांत आपण तिला बसवतो. पाचवीपर्यंत ती अंगणभर धावत असते. सातवीत ट्यूशन लागते, पाळी येते, बालरथ, म्हणजे शाळेची बस, दारातून नेते आणि दारात आणून सोडते. आठवीत तिला कुणी पळताना पाहिलं तर "आता मोठी झालीस ना" म्हणणारं घरातलंच कुणीतरी असतं.

आकडे असे आहेत. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठात १९९१ पासून मुलामुलींची हाडं दरवर्षी मोजण्यात आली. मुलींच्या हाडांत खनिज साठण्याचा वेग साधारण साडेबारा वर्षांच्या आसपास सर्वात जास्त असतो, असं त्यात दिसलं. त्या शिखराच्या मागचंपुढचं एकेक वर्ष धरलं, तर प्रौढपणी अंगात असणाऱ्या एकूण खनिजापैकी जवळजवळ पाव हिस्सा त्या दोन वर्षांतच भरला जातो. अठरा-वीसपर्यंत सुमारे ९० टक्के काम उरकतं. पुढे पाळी थांबल्यावर पहिली पाच-सात वर्षं हाडं झपाट्याने झिजतात. तेव्हा मूळचा साठा किती होता, त्यावर सगळं येऊन ठेपतं.

यातलं ६० ते ८० टक्के आनुवंशिक असतं, हे आधीच सांगून टाकते. ज्या घरात आजी, आई, मावशी सगळ्याच बारीक हाडाच्या, तिथली मुलगी व्यायामाने भक्कम बांध्याची होणार नाही. पण उरलेला हिस्सा आपल्या हातात आहे आणि तो किरकोळ नाही. तरुणपणीची हाडांची घनता १० टक्क्यांनी जास्त असेल, तर हाडं ठिसूळ होण्याचा आजार सुमारे १३ वर्षं पुढे ढकलला जाईल, असा एक गणिती अंदाज २००३ साली मांडला गेला होता.

आधी मुलगी कुठे आहे ते बघा

वय विचारून भागत नाही. एकाच वर्गात बारा वर्षांच्या दोन मुली असतात. एक अजून लहान, दुसरीची पाळी सुरू होऊन वर्ष झालेलं. म्हणून घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंची लिहायला सुरुवात करा. दर तीन महिन्यांनी, सकाळच्या वेळी, अनवाणी, टाचा चौकटीला टेकवून. उंची भराभर वाढायला लागली की समजायचं, मोसम सुरू झाला. हाडात खनिज भरण्याचा वेग उंचीच्या वेगापेक्षा काही महिने मागे असतो. म्हणजे हाड आधी लांब होतं आणि मग भरतं. मधल्या काळात ते थोडं कच्चं असतं, आणि याच वयात पडून मनगट मोडणाऱ्या मुलींचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणून खेळ थांबवायचा नाही, फक्त नीट पडायला आणि नीट उतरायला शिकवायचं. ते पुढे येईलच.

पाळी येण्याआधीची दोनेक वर्षं आणि नंतरची दोन-तीन, हा आपला काळ. फिनलंडमध्ये १९९५ साली टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडं तपासली गेली. रॅकेट धरणारा हात दुसऱ्या हातापेक्षा मजबूत असणारच. पण ज्यांनी पाळी येण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्या दोन हातांतला हा फरक पाळीनंतर १५ वर्षांहून उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा दोन ते चार पट होता. आई एकच, जेवण एकच, शरीर एकच. फरक फक्त कोणत्या वयात आणि कोणत्या हाताने खेळलं याचा. मला पटलेला सर्वात सरळ पुरावा हाच.

मुलगी सोळा-सतराची झाली असेल तर गाडी सुटली असं समजू नका. फायदा तेव्हाही होतो, पण कमी.

हाडाला काय कळतं आणि काय कळत नाही

इथे बहुतेक पालकांची समजूत चुकते. "ती रोज पोहायला जाते" किंवा "आम्ही दोघी मिरामारच्या किनाऱ्यावर तासभर चालतो" हे ऐकून मला बरंच वाटतं. हृदयाला, फुप्फुसांना, मनाला ते चांगलंच आहे. पण पोहताना पाणी शरीराचा भार उचलतं आणि सायकलवर तो सीट उचलते. अव्वल पोहणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या खेळाडूंची हाडं न खेळणाऱ्यांपेक्षा फारशी सरस निघत नाहीत. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींची मात्र स्पष्ट सरस निघतात.

हाडाला दणका कळतो. जमिनीवर पाय आपटला की हाड अगदी सूक्ष्म वाकतं. त्याच्या आतल्या पेशींना ते जाणवतं आणि त्या नवीन हाड घालायला लावतात. हा दणका जोरकस, झटक्यात येणारा आणि सवयीपेक्षा वेगळ्या दिशेचा असावा लागतो. सरळ रेषेत तासभर चालणं हाडाला रोजचंच. बाजूला मारलेली एक उडी त्याला नवी असते.

दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. हाड लवकर कंटाळतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की काही डझन दणक्यांनंतर हाडाच्या पेशी प्रतिसाद देईनाशा होतात आणि चार ते आठ तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात. जपानमध्ये १९९७ साली उंदरांना उड्या मारायला लावल्या होत्या. दिवसाला पाच उड्या मारणाऱ्यांचीही हाडं सुधारली, आणि शंभर मारणाऱ्यांना त्या मानाने फार जास्त काही मिळालं नाही. याचा आपल्यापुरता अर्थ असा, की एका दमात दोनशे उड्या मारून मुलीला थकवण्यापेक्षा दिवसातून तीन वेळा दहा-दहा उड्या भारी.

आणखी एक. या वयातल्या व्यायामाने हाड नुसतं दाट होत नाही, बाहेरच्या बाजूने रुंदही होतं. तेवढ्याच प्लास्टिकचा पण जास्त व्यासाचा पीव्हीसी पाइप वाकवून बघा, जास्त जोर लागतो. ही रुंदी बरीच टिकते. अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या चेंडू फेकणाऱ्या हाताचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खेळ सोडून कित्येक वर्षं झालेल्यांमध्येही हाडाच्या आकारातला निम्मा आणि ताकदीतला एक तृतीयांश फायदा म्हातारपणापर्यंत शिल्लक होता. तो अभ्यास पुरुषांवरचा आहे, त्यामुळे हेच आकडे मुलींना जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा तीच आहे.

पहिले दोन आठवडे फक्त उतरायला शिका

उडी मारायला कुणाला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते खाली येणं. वयात येताना मुलींची कंबर रुंदावते, पाय लांब होतात, स्नायू मागे राहतात, आणि उतरताना गुडघे एकमेकांकडे कलतात. पुढे फुटबॉल किंवा खो-खो खेळताना गुडघ्याचा लिगामेंट फाटण्यामागे हे एक मोठं कारण असतं.

मी शाळेच्या व्हरांड्याच्या सर्वात खालच्या पायरीजवळ मुलींना उभं करते. पायरी जेमतेम वीतभर उंचीची. एकेकीला सांगते, "बाय, उतरताना आवाज ऐक." धप्प असा आवाज आला म्हणजे गुडघे ताठ होते. थप असा आखूड आवाज आला म्हणजे आधी पायाचे चवडे, मग टाच, आणि गुडघे-कंबर थोडी दुमडलेली. मग समोर उभी राहून गुडघे बघते. ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवेत. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "टीचर, माझे गुडघे आपोआपच आत येतात." तिला पायरीवरून खाली घेतलं. जमिनीवरच अर्धी बैठक, गुडघ्यांच्या वर जुन्या ओढणीची सैल गाठ, आणि बसताना गुडघ्यांनी ती ओढणी बाहेर ताणायची. आठवडाभर एवढंच. नंतर पायरीवर गुडघे सरळ राहायला लागले.

घरी हे करायचं असेल तर मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढा. मुलीलाच दाखवा. आईने दहा वेळा सांगण्यापेक्षा स्वतःचा व्हिडिओ एकदा पाहिला की तिला लगेच कळतं.

जागा निवडताना थोडं भान हवं. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून उड्या नकोत. जांभ्या दगडाचं अंगण खडबडीत असतं, पडलं तर सोलतं. तिथे बूट घालावेत. मातीचं सपाट मैदान सर्वात चांगलं. समुद्राची कोरडी वाळू दणका गिळून टाकते, पण शिकायच्या पहिल्या दिवसांत ती सोयीची. पाणी ओसरल्यानंतरची घट्ट ओली वाळू त्याहून बरी. बूट साधे, नीट बसणारे, मागून टाच धरणारे असले की झालं.

दहा, दहा, दहा

मला आवडलेला कार्यक्रम व्हँकुव्हरच्या शाळांत झाला आणि २००५ साली प्रसिद्ध झाला. तिथली मुलं दिवसातून तीनदा, शाळेच्या घंटेबरोबर, दहा उंच उड्या मारायची. पूर्ण दिवसाचा वेळ मिळून तीनेक मिनिटं. आठ महिन्यांनी त्यांच्या खुब्याच्या हाडाची वाढ इतर मुलांपेक्षा जास्त निघाली. ना साहित्य, ना मैदान, ना फी.

त्यावरून मी बसवलेला क्रम असा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत दिवसातून दोनदा दहा-दहा उड्या, आठवड्याचे पाच दिवस. जागेवर उभं राहून गुडघे थोडे वाकवायचे, हात मागे न्यायचे आणि जमेल तितकं उंच जायचं. प्रत्येक उडीनंतर पूर्ण थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढची. सलग टुणटुण नको. थांबून मारलेली उडी उंच जाते आणि हाडालाही मधला वेळ मिळतो. सातव्या आठवड्यापासून तिसरा संच जोडा. सकाळी बालरथ यायच्या आधी अंगणात, शाळेत मधल्या सुट्टीत, आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी. तीन संचांमध्ये काही तासांचं अंतर राहतं, तेच हवं आहे.

या टप्प्यावर एक संच पायरीवरून करा. घराच्या एका पायरीवरून दोन्ही पायांनी खाली उडी आणि खाली पोचताच लगेच वर एक उडी. तीनेक महिने झाल्यावर आणि उतरणं नीट असेल तर दोन पायऱ्या. त्याहून उंच जायची घरी गरज नाही. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा ते दहा वर्षांच्या मुलांनी ६१ सेंटिमीटर उंच खोक्यावरून आठवड्यातून तीनदा शंभर-शंभर उड्या मारल्या. सात महिन्यांनी त्यांच्या खुब्याच्या हाडात इतरांपेक्षा साडेचार टक्के जास्त वाढ दिसली. आकडा मोहात पाडणारा आहे. पण तिथे प्रत्येक तासाला शिक्षक उभे होते. घरच्या स्टुलावरून असं काही करून बघू नका.

दिशा बदलत राहा. सोमवारी सरळ वर, मंगळवारी डावी-उजवी, बुधवारी पुढे लांब, गुरुवारी हवेत पाव गिरकी घेऊन, शुक्रवारी एका पायावर पाच आणि दुसऱ्यावर पाच. शनिवार-रविवार तिला जे खेळायचं ते. आजारपणात, तापात, अंगदुखीत बंद. परीक्षेच्या आठवड्यातही एक संच चालू ठेवता येतो, उलट अभ्यासातून उठायला निमित्त मिळतं.

फरक दोन महिन्यांत दिसत नाही आणि आरशात तर कधीच दिसत नाही. हाडाचं काम संथ, सात-आठ महिन्यांच्या हिशेबाचं. म्हणून मुलीसाठी दुसरं काहीतरी मोजा. भिंतीवर खडूने तिची उडी किती उंच पोचते ते लिहा. तो आकडा भराभर वाढतो आणि तिचा उत्साह टिकतो.

खेळात लपलेले दणके

या दहा-दहा उड्या म्हणजे किमान. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं मजबूत करणारी. तो तास खेळातूनच निघाला पाहिजे, नाहीतर चौथ्या दिवशी मुलगी पळून जाईल.

लंगडी हा माझ्या मते सर्वात कमी लेखला गेलेला खेळ. एका पायावर पूर्ण वजन, दर सेकंदाला दणका, शिवाय दिशा बदलत. अडचण एकच, प्रत्येक मुलीचा एक लाडका पाय असतो आणि ती जन्मभर त्याच पायावर लंगडी घालते. नियमच करा, डाव संपला की पाय बदलायचा. खो-खोमध्ये बसल्या जागेवरून उठून झेप, खांबाला वळसा, अचानक थांबणं, सगळं हाडाच्या आवडीचं. फुटबॉल तर गोव्यात मुलींना शिकवावाच लागत नाही. भात कापून झालं की रिकाम्या शेतात गोलपोस्ट म्हणून दोन दगड उभे राहतात. तिथे फक्त तिला खेळायला घ्यायचं, "गोलकीपर हो" म्हणून कोपऱ्यात उभं करायचं नाही. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, कबड्डी, सगळं चालतं. दोरीच्या उड्या चांगल्या, पण त्या बुटक्या असतात, उंच उडीची जागा घेत नाहीत.

आणि आपली फुगडी. गणेशचवथीच्या आधी वाड्यावाड्यावर तालमी सुरू होतात, तेव्हा शाळेत पळायला लाजणाऱ्या मुली तिथे दोन-दोन तास घाम गाळतात. पण सगळीच फुगडी सारखी नाही. गाणी म्हणत सावकाश पावलं टाकण्याच्या भागात हाडाला विशेष काही घडत नाही. खरा भाग शेवटचा, लय वाढते, पाय जमिनीवर आपटायला लागतात आणि तोंडाने फू-फू सुरू होतं. बसफुगडीत उकिडवं बसून उड्या मारायच्या म्हणजे मांडी आणि खुब्याची पूर्ण परीक्षा. गुडघे दुखणाऱ्या मुलीने आणि चाळिशीच्या पुढच्या बायकांनी ती टाळावी. मुलींनी खुशाल करावी, पण एका दमात दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. धालो हा बायकांचा फेर धरून करायचा नाच सुंदर असतो, मला फार आवडतो, पण तो संथ आहे. हाडांच्या हिशेबात धरू नये. जमलं तर तालीम चवथीनंतरही आठवड्यातून दोन संध्याकाळी चालू ठेवा. मुली टिकून राहतात त्या व्यायामासाठी नाही, मैत्रिणींसाठी.

हात विसरू नका. म्हातारपणी मोडणाऱ्या हाडांत खुबा आणि मणक्याच्या बरोबरीने मनगट असतं, आणि उड्यांचा फायदा मनगटाला पोचत नाही. भिंतीला हात टेकून झटक्याने स्वतःला मागे ढकलणं, गुडघे टेकून दंड, आडव्या फांदीला लोंबकळणं, गवतावर हातावर भार देऊन कोलांटी, असं काहीतरी आठवड्यातून तीनदा. घरात विहीर असेल तर कळशीने पाणी शेंदणं उत्तम. आता पंप आहेत, तो प्रश्न वेगळा.

पाळी, पांढरा स्कर्ट आणि इतर खरी कारणं

"टीचर, तिला पाळी आहे, पळायला लावू नका." अशी चिठ्ठी दर महिन्याला येते. पाळीत व्यायाम केल्याने काही बिघडत नाही. अनेकींचं पोट दुखणं उलट कमी होतं. खूप दुखत असेल, रक्तस्राव जास्त असेल तर त्या दिवशी सूट, आणि दर महिन्याला तसंच होत असेल तर डॉक्टर. पण "चार दिवस बसायचं" हा नियम बारा महिने लावला, तर वर्षाचे पन्नासेक दिवस गेले.

खरं कारण बऱ्याचदा पोट नसतं. पीटीचा ड्रेस पांढरा असतो, आणि डाग पडला तर काय, ही धास्ती पूर्ण तासभर असते. शाळेला सांगून मुलींना गडद रंगाची ट्रॅकपँट घालायची मुभा मिळवा. चार पालकांनी एकत्र अर्ज दिला तर मुख्याध्यापक ऐकतात. आत सायकलिंग शॉर्ट्स घालायला द्या. दप्तरात एक पाऊच, त्यात दोन पॅड, एक जादा निकर, एक कागदी पिशवी. दुसरं कारण त्याहून कमी बोललं जातं. छाती वाढायला लागलेली मुलगी उडी मारायला लाजते, आणि तिला दुखतंही. स्पोर्ट्स ब्रा वेळेत घेऊन द्या. मोठ्या ब्रँडचीच हवी असं नाही. घट्ट बसते का आणि जागेवर उड्या मारून आराम वाटतो का, एवढं दुकानातच बघा. मी पाहिलंय, बसलेली मुलगी या एका गोष्टीने परत मैदानात येते.

आणि मुलगी पटकन दमत असेल, चेहरा फिका असेल, तर आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर गोव्यात मैदान बंद. जांभ्यावर शेवाळ धरतं आणि अंगणातली पहिलीच उडी शेवटची ठरू शकते. व्हरांडा कोरडा असेल तर तिथे, नाहीतर हॉलमधलं टेबल भिंतीला सरकवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्यांशी आधी बोला. दहा उड्यांना एक मिनिट लागतं, कुणाची झोप मोडत नाही. जिन्याची खालची पायरी उपलब्ध असतेच. तालीम सुरू झाली की फुगडी आपोआप भर घालते.

ताटात

दणका मिळाला आणि घालायला माल नसेल तर हाड काय बांधणार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १० ते १२ वर्षांच्या मुलीला दिवसाला ८५० मिलिग्रॅम, १३ ते १५ ला १००० आणि १६ ते १८ ला १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं.

आपल्याकडे एक ठाम समजूत असते, आम्ही रोज मासे खातो, मग कॅल्शियमची काय चिंता. इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या तुकडीत प्रथिनं भरपूर, कॅल्शियम नावालाच. कॅल्शियम काट्यात असतं. म्हणून तारल्यांसारखे लहान मासे मंद आचेवर किंवा कुकरमध्ये काटा मऊ होईपर्यंत शिजवून काट्यासकट खावेत. सुक्या गालम्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची किसमूर (कोशिंबीर) सालासकटच पोटात जाते, तीही चांगली. फक्त खारावलेलं असल्याने मीठ जास्त, म्हणून रोज ताटभर नको.

दुधाचा २०० मिलिलिटरचा ग्लास सुमारे २४० मिलिग्रॅम देतो, वाटीभर दही पावणेदोनशे ते दोनशे. ३० ग्रॅम नाचणीचं तिजान (गोड पेज) म्हणजे साधारण १०० ते ११०, आणि ते दुधात शिजवलं तर दुधाचं वेगळं. मोठा चमचाभर, म्हणजे १० ग्रॅम तीळ १२० च्या आसपास. चटणीत, लाडवात, कोशिंबिरीवर कुठेही. शेवग्याचा पाला शंभर ग्रॅमला ३०० च्या वर. तांबडी भाजी खावीच, पण तिच्यातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणजे सकाळी दुधातलं तिजान, दुपारी शीत-कडीबरोबर दही आणि एक पालेभाजी, संध्याकाळी तिळाचा लाडू, रात्री पुन्हा एक ग्लास दूध किंवा तारल्यांची आमटी, एवढ्याने हजाराच्या जवळ पोचता येतं. गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.

ऊन गोव्यात उदंड आहे, पण मुली त्यात नसतात. सकाळी सातचं कोवळं ऊन छान वाटतं, त्यात ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही; त्यासाठी दहा ते तीनमधलं ऊन, हातपाय उघडे, आठवड्यातून काही वेळा वीसेक मिनिटं. मधली सुट्टी त्यासाठी नेमकी. बांगडे आणि तारले यांतूनही थोडं मिळतं.

"जाडी झालीस" हे वाक्य या वयात घरात कुणी उच्चारू नये. नातेवाईक उच्चारतात, त्यांना तिथेच थांबवा. जेवण तोडलं की पहिला मार हाडांना बसतो.

कधी थांबायचं

मांडीच्या किंवा नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागचं दुखणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, किंवा लंगडत चालणं असेल तर उड्या बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं या वयात खूप दिसतं. उंची वाढताना स्नायू त्या जागी ओढत असतो. काही आठवडे उड्या कमी, बर्फ, मांडीचे ताण. बहुतेक वेळा तेवढ्याने निवतं.

सर्वात महत्त्वाची खूण पाळीची. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नृत्य किंवा धावण्याचा कसून सराव करणाऱ्या आणि कमी जेवणाऱ्या मुलींमध्ये हे होतं. इस्ट्रोजेन घटतं आणि व्यायाम चालू असूनही हाड झिजतं. अशा मुलीला उड्या नाहीत, जेवण वाढवायला हवं. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या, हृदयविकार असलेल्या किंवा किरकोळ पडण्याने वारंवार हाड मोडणाऱ्या मुलीने डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

दहावीनंतर

अकरावी-बारावीत ट्यूशन, मग कॉलेज, मग स्कूटर. रोजचे तीन संच टिकत नाहीत, हे मी धरूनच चालते. आठवड्यातून तीन दिवस दोन संच आणि एखादा धावता खेळ, एवढं तरी विशीपर्यंत राहावं. नंतर वजनं उचलण्याची जोड दिली तर उत्तम.

आया मला विचारतात, आम्हीही उड्या माराव्यात का. पाळी चालू असेल, गुडघे-पाठ ठणठणीत असेल, तर हळूहळू चालू करा, फायदा आहे तो राखण्याइतका. पाळी थांबली असेल, किंवा आधी हाड मोडलं असेल, तर आधी डॉक्टर, आणि उड्यांऐवजी वजनं, जिना आणि तोल सांभाळायचे व्यायाम. डेक्सा नावाची हाडांच्या घनतेची तपासणी तुमच्यासाठी आहे. निरोगी मुलीची ती करू नका. वाढत्या वयात तो आकडा उंचीबरोबर बदलत राहतो आणि उगाच घाबरवतो. तिच्यासाठी चौकटीवरची पेन्सिल आणि भिंतीवरचा खडू पुरे.